सतरा नंबरचा कप्पा

माझ्या हातून आजवर एकच चोरी झाली, आणि तीही दगडाची. सोन्याची केली असती तर निदान चार लोकांत नाव तरी झालं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. दुपारची वेळ, कामगार जेवायला बसलेले. चप्पल नीट करायच्या निमित्ताने मी खडीच्या ढिगाशी वाकले, अंड्याएवढा एक काळा दगड उचलला आणि भाजीच्या पिशवीत टाकला. चार पावलं गेले नाही तोच मागून हाक आली.

"ओ ताई! पिशवीत काय टाकलंत?"

रखवालदार होता. खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तितकं खरं बोलून जातो.

"दगड," मी म्हटलं.

"कशाला?"

"सासऱ्यांसाठी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, राग गिळा. म्हातारं माणूस आहे ते."

एवढं ऐकून घेतल्यावर खुलासा करण्यात अर्थ नव्हता. मी मान खाली घालून घर गाठलं. दगड परत द्यायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते. भाषा, गणित सगळंच शिकवायचे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते दगडगुरुजी म्हणून. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. आत हिरवं कापड लावलेले वीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दगड आणि दगडावर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. पाटीचा दगड, वाळूचा दगड, चुनखडी, संगमरवर, पाण्यावर तरंगणारा भोकाभोकांचा दगड. मी या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती पेटी मी बाहेरून किमान हजार वेळा पुसली असेल. आतलं एक अक्षर मला येत नव्हतं. देवळाची पायरी रोज झाडणाऱ्याला पोथी येतेच असं नाही.

गेल्या दीड वर्षात नानांची आठवण टप्प्याटप्प्याने गेली. आधी कालचा दिवस गेला, मग गेलं वर्ष गेलं, मग मी गेले. तोवर मला ते 'अगं मुली' म्हणायचे. एका सकाळी चहा दिला तर म्हणाले, "आभारी आहे, बाई. नवीन रुजू झालात वाटतं?" मला वाटलं, चिडलेत. चार दिवसांनी उलगडा झाला की ते मला शाळेत नव्याने आलेली शिक्षिका समजतायत. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईला शिक्षिकेचा मान मिळायचा तो असा. मी नाकारला नाही. रडायचं ते भांडी घासताना रडून घेतलं, नळाचा आवाज मोठा असतो.

यापर्यंतही चाललं असतं. पण रोज साडेनऊला नाना इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर पेटी उघडून बसायचे आणि बोट ठेवून मोजायचे. चौदा, पंधरा, सोळा, आणि तिथे बोट थांबायचं. सतराव्या कप्प्यात दगड नव्हता.

"सतरा नंबर आला नाही," ते म्हणायचे. "पेटी पुरी नाही. वर्ग कसा घेऊ, बाई?"

आणि डोळे भरून यायचे. एकदा डोळे भरले की जेवण संपलं. बाराला ताट लावा, एकला लावा, अन्न तसंच गार होऊन जायचं. तीन महिन्यांत शर्टाची कॉलर मानेभोवती बांगडीसारखी फिरायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजाराचं आपल्या हातात नाही, पण खायला घाला. म्हणजे सगळं त्या एका कप्प्यावर येऊन थांबलं होतं. तो भरला तर माणूस जेवणार होता.

कोणा विद्यार्थ्याने सतरा नंबर घरी नेला आणि परत आणलाच नाही, असा आम्ही अंदाज बांधला आणि दुसरा दगड शोधायला लागलो. चोरीचा दगड हा त्यातला पहिला. मी तो हळूच कप्प्यात ठेवला. नानांनी उचलला, भिंगाखाली धरला आणि मला विचारलं, "कुठं सापडला?"

चोराने मुद्देमालाचा पत्ता सांगायचा नसतो.

"हाताला कसा लागला? आणि याला काय विचारायचंय?"

दगडाला काय विचारणार? मला भडभडून आलं. वाटलं, नानांचं बोलणंही आता भरकटत चाललंय. नानांनी दगड बाजूला ठेवला. "हा नाही, बाई."

आमचे हे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहेत. तक्रार नोंदवून घेणं हा त्यांचा व्यवसाय आणि विसरून जाणं हा स्वभाव. तरी वडिलांसाठी ते स्वतःहून माशांच्या टाकीत घालायचा निळा दगड घेऊन आले. नाना म्हणाले, "हा रंगवलेला आहे. मुलांना फसवू नये." तीन दिवस हे कोणाशी बोलले नाहीत.

एव्हाना इमारतीत बातमी गेली होती. वरच्या मजल्यावर विमा एजंट वहिनी राहतात. त्या म्हणाल्या, "अहो, कुठलाही दगड घ्या आणि त्यावर सतरा लिहून टाका. माणसाला नंबराशी मतलब असतो." लिहिलं. नाना म्हणाले, "अक्षर माझं नाही." समोरचे निवृत्त हवालदारकाका तर एका संध्याकाळी हातात औषधाची बाटली घेऊन आले. आत बोराएवढं काहीतरी खुळखुळत होतं.

"माझा मुतखडा," ते अभिमानाने म्हणाले. "एवढा मोठा सर्जननंही बघितला नव्हता. कपाटात नुसता पडलाय. तुमच्या उपयोगी आला तर मला आनंदच आहे."

नको म्हणायच्या आत त्यांनी तो नानांच्या तळहातावर ठेवला. नानांनी भिंग लावलं.

"कुठं सापडला?"

"डाव्या बाजूला," काका म्हणाले.

"कसल्या डाव्या बाजूला? नदीच्या?"

"माझ्या."

नानांनी भिंग खाली घेतलं, हवालदारकाकांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दुखलं असेल?" ड्यूटीवर असताना डोळ्यांत कधी पाणी आलं नाही म्हणणारा तो माणूस आमच्या सोफ्यावर बसून रडला. पुढचे दोन प्रश्न राहूनच गेले. मुतखडा परत घरी गेला.

शेवटी मी ठरवलं, मूळ दगडच शोधायचा आणि तोही शाळेत जाऊन.

शाळेच्या कारकुनांचं टेबल जिन्याखाली होतं, त्यामुळे ते कायम मान वाकडी करून बसायचे. एखाद्याच्या डोक्यावरून तीस वर्षं चारशे मुलं धावत गेली की चेहरा जसा होईल, तसा त्यांचा होता. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी जडवस्तूंची जुनी नोंदवही काढली, धूळ झटकली आणि बोट खाली खाली नेलं.

"ही बघा. दगडांची पेटी, लाकडी, एक. दगड, एकोणीस."

"वीस," मी म्हटलं.

"एकोणीस. विसावा आमच्या दप्तरी जन्मालाच आलेला नाही."

"अहो, पण सतरा नंबर..."

"ते असू दे," कारकून म्हणाले आणि त्यांची मान होती त्यापेक्षा वाकडी झाली. "पेटी शाळेची आहे. गुरुजी निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली. ती तुमच्या घरी काय करतेय?"

एक दगड मागायला गेले आणि एकोणीस घालवून बसले. आठ दिवसांत पेटी जमा करावी, असं पत्र त्यांनी माझ्यासमोर लिहिलं आणि पोच म्हणून माझीच सही घेतली.

मी जिन्यातच बसले. पेटी गेल्यावर नाना सकाळी साडेनऊला काय उघडणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, तिथून चालल्या होत्या. त्यांना मला ओलांडून जाणं जमेना, म्हणून त्या थांबल्या. मी सांगितलं. त्यांनी कारकुनांकडे बघितलं, कारकुनांनी नोंदवहीकडे बघितलं.

"वस्तू वापरात असेल तर जमा करावी लागत नाही ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"उपक्रम चालू असेल तर नाही," कारकून नाइलाजाने म्हणाले.

"मग उपक्रम चालू करू. तिसरीला दगड आणि माती आहेच. गुरुजी मार्गदर्शक, आणि या त्यांच्या मदतनीस. चार तास."

"मी?" मी म्हटलं. "बाई, मला मातीतलं एवढंच कळतं की ती गहू निवडताना सापडते."

"गुरुजींना सगळं येतं ना? तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा."

अर्जात 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता. मी 'आठवी' लिहिलं, आणि ते फार मोकळं मोकळं वाटायला लागलं म्हणून पुढे 'पास' लिहिलं. 'अनुभव' या रकान्यात काय लिहावं कळेना, तो तसाच सोडला. शेवटी एक हमीपत्र होतं, खास आमच्यासाठी तयार केलेलं. उपक्रमातील दगड कोणीही कोणासही मारणार नाही. खाली माझी सही.

पुढचे चार दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा. नानांच्या टिपणवह्या ट्रंकेत होत्या. त्यात बघून मी तीन बाटल्यांत तीन जागची माती घातली, पाणी ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. ओल्या मातीच्या वळ्या करायच्या आणि त्यांचं कडं करून बघायचं. कडं टिकलं तर चिकणमाती, तुटलं तर वाळू जास्त. ह्यांना संध्याकाळी ताटलीत सहा वळ्या दिसल्या, तेव्हा ह्यांनी काही विचारलं नाही, सरळ एक उचलून तोंडात टाकली. त्या मातीत वाळू जास्त असल्याचं आम्हाला असं समजलं. व्हिनेगरचा थेंब टाकला की चुनखडी आणि संगमरवर फसफसतात, हेही वहीत होतं. वहिनी म्हणाल्या, माझ्या ओट्यावर टाकून बघा, अस्सल संगमरवरी आहे म्हणून घेतलाय. टाकला. फसफसला. वहिनींनी टाळी वाजवली. पुसल्यावर तिथे नाण्याएवढा खरबरीत डाग राहिला, तो आजही आहे. ओटा खरा निघाल्याचं दुःख करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्या तासाला नानांना रिक्षातून नेलं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेटी. वर्गात एकतीस मुलं होती. नाना मधेच थांबले तर, मला काही विचारलं तर, रडले तर? फळ्याशी उभे राहून त्यांनी वर्गाकडे पाहिलं, आणि मला ऐकू आला तो आवाज गेल्या दीड वर्षात आमच्या घरात नव्हता.

"दगड हातात घ्या. डोळे मिटा. नाव कोणी सांगायचं नाही. नाव सगळ्यात शेवटी. आधी ओळख."

मुलं नखाने ओरखडे काढायला लागली, मग नाण्याने, मग खिळ्याने. कोण कोणाला ओरखडतो त्याप्रमाणे दगडांना रांगेत उभं केलं, मऊ पुढे, कठीण मागे. भोकांचा दगड बादलीत तरंगला तेव्हा एक जण बाकावर चढला. नानांना मध्येच खडू सापडेना, तो त्यांच्या हातातच होता. मी हळूच बोटाने दाखवला. "आभारी आहे, बाई," ते म्हणाले. वर्गाला वाटलं, अशीच पद्धत असेल.

दुसऱ्या तासाला मातीवर आलो. नाना म्हणाले, "चिकणमाती ओळखायची आणखी एक खूण आहे. वाळलेलं ढेकूळ जिभेला चिकटतं." आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं. पुढच्या क्षणी एकतीस जिभा बाहेर. 'नको' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तो नेमका मोठ्या बाई दारात आल्यावर. त्यांनी बघितलं ते असं, की अख्खा वर्ग मातीचं ढेकूळ जिभेला चिकटवून 'आऽ' करतोय आणि मदतनीस हात वर करून उभी आहे. दुसऱ्या दिवशी एका पालकांचं पत्र आलं. आमच्या पाल्याने काल घरी येऊन भिंत चाटली व ती निकृष्ट असल्याचे जाहीर केले. पत्राच्या तळाशी कारकुनांनी माझा खुलासा मागवला होता. मी लिहिलं, 'माती भाजून घेतली होती.' खरंच घेतली होती. आपण बायका काहीही आधी भाजून घेतो.

तिसऱ्या तासाला पेटी मुलांच्या मधोमध ठेवली होती. पुढच्या बाकावर वरचे दोन दात पडलेली एक मुलगी बसायची. ती बोट ठेवून मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. मी नानांच्या दिशेने सरकायला लागले.

"गुरुजी, सतरा कुठाय?" तिने विचारलं.

मी नानांचा दंड धरला. ते आता रडणार आणि एकतीस मुलं बघणार. पण नाना हसले. असे हसले की कवळी दिसली.

"वा! तीन दिवस वाट बघतोय, कोणी विचारेल म्हणून. सतरा नंबर तुमचा. तो तुम्ही आणायचा. विकतचा नको, कोणी दिलेला नको. स्वतः वाकून उचललेला हवा. आणि तीन गोष्टी सांगायच्या. कुठं सापडला, हाताला कसा लागला, आणि त्याला काय विचारायचंय."

तिथे मुलांचं एक बुटकं बाक रिकामं होतं, त्यावर मी बसले. गुडघे हनुवटीला लागले.

सतरा नंबर कधी हरवलाच नव्हता. चाळीस वर्षं तो कप्पा रिकामाच होता, दर वर्षीच्या मुलांसाठी. वहीतला एकोणीस आकडा बरोबर होता. आणि नाना भरकटले नव्हते. रोज तेच तीन प्रश्न ते आम्हाला विचारत होते आणि आम्ही त्यांच्या हातावर चोरीचे, रंगवलेले, पोटातून काढलेले दगड ठेवत होतो. सव्वीस वर्षं एका घरात राहून मी या माणसाच्या वर्गात एकदाही डोकावले नव्हते.

चौथ्या तासाला एकतीस दगड आले. त्यात एक विटेचा तुकडा होता आणि एक झिजलेला साबण. नानांनी प्रत्येकाला तिन्ही प्रश्न विचारले. तास संपला, घंटा झाली, पुढचा तास गणिताचा होता. मोठ्या बाईंनी दार हळूच लोटून घेतलं.

दात पडलेल्या मुलीचा दगड खोलगट होता.

"कुठं सापडला?"

"नळाखाली. आमच्या मागच्या दारी."

"हाताला?"

"इकडून गुळगुळीत, आणि इकडून चिडका."

"काय विचारायचंय?"

"तू आधी केवढा होतास?"

नाना म्हणाले, "ठेव." तिने तो सतराव्या कप्प्यात ठेवला. वर्गाने हात उचलून मत दिलं होतं, पण साबणवाल्याचा शेवटपर्यंत विरोध होता. नानांनी पेटी मिटली आणि कडी लावली. त्या दिवशी घरी आल्यावर नाना गरम जेवले. दुसऱ्यांदा भात मागितला. हे ताटाकडे बघत बसले होते, त्यांचं स्वतःचं गार झालं.

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला नानांनी पेटी उघडली, खोलगट दगड काढून माझ्या हातात दिला. "हा त्या मुलीचा. तिला परत द्या." मग बोट ठेवून मोजलं. सोळापाशी थांबले. "सतरा नंबर आला नाही."

"पुन्हा?" हे दारातून म्हणाले आणि तसेच ऑफिसला गेले. जाताना डबा विसरले.

बरोबरच होतं म्हणा. नवीन वर्ग, नवीन दगड. पण उपक्रम संपला होता आणि घरात मुलं नव्हती. मी नानांच्या समोर उभी होते, हातात दुसऱ्याचा दगड. त्यांनी मान वर केली.

"आणि तुझा कुठाय?"

तुझा. दीड वर्षाने 'तू'. सून म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. मी शिक्षिकेची विद्यार्थिनी झाले होते, म्हणजे खालीच आले होते. पण मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. आठवीत शाळा सुटली तेव्हा 'उद्या का येणार नाहीस' हेही कोणी विचारलं नाही.

मी चपला घालून बाहेर पडले. खरंच शोधायला लागले. गटाराच्या कडेला, झाडाच्या आळ्यात, रस्ता खणलेला होता तिथे. पन्नाशीची बाई दर चार पावलांवर वाकतेय म्हटल्यावर दोघातिघांनी विचारलं, "काय पडलं का?" बांधकामाच्या कोपऱ्यावर रखवालदार होताच.

"ताई," तो कळवळून म्हणाला, "अजून राग गेला नाही?"

तासाभराने रिकाम्या हातांनी परत निघाले. जिना चढताना टाचेला काहीतरी टोचलं. चप्पल काढून झटकली. हरभऱ्याएवढा खडा पडला, करडा, एक कड चकाकणारी. तोच घेऊन आत गेले.

नानांनी भिंगाखाली धरला. "कुठं सापडला?"

"चपलेत."

"हाताला कसा लागला?"

"हाताला नाही. पायाला. टोचला."

त्यांच्या मिशा हलल्या. "काय विचारायचंय?"

जिन्यात मी काहीतरी गमतीचं ठरवलं होतं. एवढ्या मोठ्या रस्त्यावर तुला माझीच चप्पल सापडली का, असं. ते आलंच नाही. नानांची कॉलर मानेभोवती सैल पडलेली होती, तिच्याकडे बघत मी म्हटलं, "तू ज्या मोठ्या दगडाचा तुकडा आहेस, त्याच्यापासून तू सुटलास ते त्याला कळलं का?"

नानांनी भिंग खाली ठेवलं.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "मला उत्तर येत नाही. बस खाली."

मी खाली बसले. त्यांनी तो खडा सतराव्या कप्प्यात ठेवला, आणि मग आम्ही जेवलो.

तेव्हापासून रोज सकाळी मी दगड आणायला लागले. आठ दिवसांनी कारकुनांचं स्मरणपत्र आलं. मी जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं की वर्ग चालू आहे. त्यांनी उपक्रमाच्या तक्त्यात मुदतवाढ लिहिली. 'विद्यार्थी संख्या' या रकान्यात लिहिलं, एक. कारकून त्या एककडे बघत राहिले.

सात आठवडे असे गेले. हवालदारकाका सकाळी फिरायला जाताना मला कुठे खणलंय, कुठे ढीग पडलाय याची बातमी द्यायचे. उचलून मात्र आणायचे नाहीत, नियम त्यांना पाठ झाला होता. रोजचा जुना दगड मी गॅलरीतल्या कुंड्यांत ठेवत गेले. मी शिकत गेले तसे नानांचे शब्द कमी होत गेले. आधी नावं गेली, मग भिंग कोणत्या बाजूने धरायचं ते गेलं. प्रश्न तेवढे राहिले, तीनही, क्रमाने.

मग एका सकाळी मी दगड घेऊन उभी राहिले आणि नानांनी काही विचारलं नाही. इस्त्रीचा शर्ट मीच चढवला होता. हात चादरीवर पालथे पडले होते. मी एक हात उलटा करून त्यावर दगड ठेवला आणि आपण होऊन सांगितलं. "बसस्टॉपच्या मागे सापडला, नाना. हाताला गार आहे, जड आहे." तिसरं काही सांगितलं नाही. बोटं हळूहळू दगडावर मिटली. ती संध्याकाळपर्यंत उघडली नाहीत, आणि नंतर आम्हीही उघडली नाहीत. तो दगड त्यांच्याबरोबर गेला.

दिवस झाल्यावर मी पेटी पुसली आणि शाळेत घेऊन गेले. रिक्षात मांडीवर ठेवली होती. वजन पहिल्यांदाच जाणवलं.

जिन्याखाली कारकून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीतून उठले, आणि जिना लागला म्हणून पुन्हा बसले. पेटी उघडून त्यांनी एकेक दगड बोटाने मोजला. एकोणीस. मी आणलेला एकही आत ठेवला नव्हता.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. नोंदवही ओढली, पेनाचं टोपण काढलं. मग त्यांचं बोट पुन्हा पेटीकडे गेलं आणि सतराव्या कप्प्यातल्या हिरव्या कापडावर थांबलं.

"आणि हा?"

मला म्हणायचं होतं की हा असाच असतो. तिसरीतल्या मुलांना मोजू द्या, कोणीतरी विचारेल. तोंड उघडलं, तेवढ्यात डोक्यावरून मधल्या सुट्टीची मुलं धडधडत खाली गेली. ती सगळी जाईपर्यंत कारकून थांबले. मग त्यांनी 'शेरा' या रकान्यात, सगळ्या नोंदींपेक्षा जरा ठळक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली.

क्रमांक १७. यायचा आहे.